मागं सरा

खानापूरला बर्फ पडत नाही.
पडतं ते दव,
आणि मलप्रभेवरनं उठतं ते धुकं
पौषात सकाळी सहाला फलाटावर येऊन
आमच्याआधी उभं राहिलेलं असतं.

गाडी लोंढ्याकडनं येते.
येते म्हणजे आधी रुळांना कळते,
मग फरशीतनं तळपायाला,
मग कानाला.
आधी दिवा दिसेल म्हणाल, तर नाही,
दिसतं ते थेट इंजिनच.

दोनशे जण तरी असू.
उद्यमबागेतले लेथवाले, कानटोप्या, डबे,
नर्सिंगच्या पोरी,
जांबोटीकडची रताळ्यांची पोती आणि त्यांवर बसलेल्या बायका.
डबा नेमका कुठं लागणार, कुणालाच ठाऊक नसतं,
म्हणून सगळे कडेला.
पिवळी पट्टी आमच्याच चपलांनी झिजलीय.

गेल्या पौषात तिथंच माझा पाय सरकला.
फरशी ओली, मागनं रेटा,
गाडी थांबली नव्हती, थांबत होती.
या दोहोंत किती अंतर असतं
ते मला गुडघ्यापर्यंत ठाऊक आहे.
कुणीतरी वेणीला धरून मागं ओढलं.
चप्पल गेली खाली.
दुपारी पॉइंट्समननं ती आणून दिली,
बंदसुद्धा तुटला नव्हता.
मी ती परत घातली नाही.
टाकलीही नाही.

वेणी धरणारा लुमाण्णा.
पलटणीतनं सुटून आला,
आता सोसायटीच्या बँकेच्या दारात बंदूक घेऊन बसतो.
फार बोलत नाही. एकदाच म्हणाला,
वर चौकीला, बर्फात,
आम्ही कमरेला एकच दोर बांधून चालायचो.
पुढचा माणूस दिसायचा नाही.
दोर ताणला की समजायचं, आहे.
ढिला पडला की
इथं त्यानं चहा संपवला
आणि कप विसळून ठेवला.

तेव्हापासून धुकं असलं
की पिवळ्या पट्टीवरनं तो एकटा चालतो,
हात आडवे पसरून,
शेतातली जनावरं हाकलावी तसा,
मागं सरा, मागं सरा.
पलीकडच्या टोकाकडनं ईरण्णा पॉइंट्समन,
हातात तांबडा-हिरवा दिवा,
हिंदक्क सरीरी, हिंदक्क सरीरी.

आता पाटीवरच्या अक्षरांपायी
या भागात काय काय झालंय
ते मी सांगत बसत नाही.
आमच्या घरातलंही एक डोकं फुटलंय,
टाके अजून दिसतात, केस तिथं उगवत नाहीत.
आज पाटी धुक्यात आहे.
लाऊडस्पीकर तीन भाषांत खेद व्यक्त करतो,
त्यांत माझी नाही.
ते मला दर वेळी लागतं, आजही लागलं.
पण त्या दोघांच्या हाका फलाटाच्या मध्यावर
एकीत एक शिरल्या,
आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा ऐकू आलं,
मागं काय, हिंदक्क काय, वेगळं,
पण सरायचं तेवढं एकच.

गर्दी अर्धं पाऊल मागं सरली.
अर्धंच. पण सरली.
मी काय केलं,
पुढच्या पोरीच्या दप्तराचा लोंबता पट्टा
मुठीत धरला.
तिनं वळून पाहिलं. ओळख ना पाळख.
काही म्हणाली नाही.
तिच्या पुढं कोण होतं, दिसत नव्हतं,
पण पट्टा मधूनच ताणत होता
तेव्हा तिनंही कुणाचं तरी काहीतरी धरलं असावं.

फरशी थरथरली.
इंजिन आलं, आमच्यावरनं वारा गेला,
एकेक खिडकी धुक्यातनं पिवळी होत होत थांबली.
मग सगळे धावलेच.
लुमाण्णा ओरडला, ईरण्णा ओरडला,
कुणी ऐकलं नाही,
रताळ्याचं एक पोतं फुटलं आणि
लेथवाल्यांनीच ती गोळा करून दिली.

देसूर येईपर्यंत मी दारापासच्या बाकावर
तशीच बसलेली.
बिडरी अक्का, म्हणाली ती, हसून.
मग माझ्या लक्षात आलं
आणि मी मूठ उघडली.